मुंबईत पाळणाघर सुरू करताना: परवाने, नोंदण्या आणि रोजची व्यवस्था

मुंबईत पाळणाघर सुरू करण्याचा विचार करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "पाळणाघराचा परवाना कुठे मिळतो?" हाच असतो. या प्रश्नाचे उत्तर एका कार्यालयाचे नाव सांगून देता येत नाही, कारण जागेचा वापर, आगीपासूनची सुरक्षितता, अन्न, कर्मचारी, मुलांचे संरक्षण आणि कर या सगळ्या बाबी सामावून घेणारा एकच कागद एकाच खिडकीवर मिळत नाही. प्रत्येक बाब वेगळ्या कायद्याखाली येते आणि वेगळ्या कार्यालयाकडे जाते. म्हणून कोणती कागदपत्रे लागतात याइतकेच ती कोणत्या क्रमाने मिळवायची हेही महत्त्वाचे आहे. क्रम चुकला की अनामत रक्कम अडकते, रंगरंगोटीवर झालेला खर्च वाया जातो आणि प्रवेश घेतलेल्या पालकांना नकार कळवण्याची वेळ येते. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, जागेची कागदपत्रे तपासून होईपर्यंत कोणत्याही करारावर सही करू नये आणि माणसांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत एकाही मुलाला प्रवेश देऊ नये. बाकीची कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालतात.

कोणत्या वयाची मुले घेणार, हे आधी ठरवा

सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले दिवसभर सांभाळणे आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा शिशुवर्ग चालवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि त्यांना लागू होणारे नियमही वेगळे आहेत. मुंबईत अनेक ठिकाणी सकाळी शिशुवर्ग आणि दुपारनंतर पाळणाघर अशी जोडव्यवस्था चालते. तशी योजना असल्यास दोन्ही बाजूंच्या अटी पाळाव्या लागतात.

तीन ते सहा वर्षे वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, असा निर्णय २०२५ मध्ये झाला. या नोंदणीत केंद्राची प्राथमिक माहिती, व्यवस्थापन, मुलांची संख्या, भौतिक सुविधा आणि कर्मचारी यांचा तपशील द्यावा लागतो. याच वयोगटासाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वेही उपलब्ध आहेत. दर वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश नाही, दिवसाला तीन ते चार तासांचाच वर्ग आणि कोणत्याही प्रकारची शारीरिक शिक्षा निषिद्ध, ही त्यांतील ठळक सूत्रे आहेत.

पाळणाघरांसाठी सर्वांत उपयुक्त दस्तऐवज म्हणजे केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २०१८ मध्ये प्रसृत केलेली किमान मार्गदर्शक तत्त्वे होत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ज्या आस्थापनांना पाळणाघर देणे बंधनकारक झाले, त्यांच्यासाठी ती लिहिलेली आहेत. तथापि, स्वतंत्रपणे पाळणाघर चालवणाऱ्यानेही तीच पट्टी लावावी, कारण उद्या एखाद्या कंपनीशी करार करायचा झाल्यास किंवा एखाद्या घटनेनंतर आपल्या व्यवस्थेची चौकशी झाल्यास तुलना बहुधा याच तत्त्वांशी होईल. त्यांत दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट मोकळी जागा, तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक सेविका आणि तीन ते सहा वयोगटातील दर वीस मुलांमागे एक सेविका, असे प्रमाण दिलेले आहे.

हे प्रमाण किमान आहे, हे विसरता कामा नये. रांगणारी चार बाळे एकाच वेळी जागी झाली की एक व्यक्ती पुरत नाही. एकाचे लंगोट बदलताना उरलेल्या तिघांवर कोणाचे तरी लक्ष असावेच लागते. म्हणून दीड वर्षाखालील मुलांसाठी चार मुलांमागे एक ताई हे प्रमाण मी सुचवीन, आणि ते परवडत नसेल तर त्या वयाची मुले घेऊच नयेत, असेही सुचवीन.

वयोगट ठरल्यावर आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला एक पत्र द्यावे. मुंबईत दोन जिल्हे आहेत, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. माहीम, धारावी आणि शीवपर्यंतचा भाग शहरात येतो, तर वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढचा उपनगरात. आपण कोणत्या वयोगटासाठी, किती मुलांसाठी आणि कोणत्या पत्त्यावर केंद्र सुरू करत आहोत, हे लिहून आज लागू असलेल्या अटी कोणत्या, याची लेखी विचारणा करावी आणि पत्राची पोचपावती जपून ठेवावी. या क्षेत्रातील सूचना आणि परिपत्रके बदलत असल्यामुळे, ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी काय केले यापेक्षा कार्यालयाचे लेखी उत्तर अधिक विश्वासार्ह असते.

जागा: पैसे देण्यापूर्वीची तपासणी

मुंबईतील बहुतेक पाळणाघरे निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील किंवा पहिल्या मजल्यावरील सदनिकेत चालतात, आणि अडचणींचे मूळही बहुधा तिथेच असते. सदनिका निवासी वापरासाठी मंजूर झालेली असते. त्या इमारतीत पाळणाघर किंवा शिशुवर्ग चालवता येईल का, त्यासाठी स्वतंत्र प्रवेशद्वाराची अट आहे का, वापर बदलण्याची परवानगी लागेल का, हे बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे ठरते. ही नियमावली स्वतः वाचून निष्कर्ष काढण्यापेक्षा महानगरपालिकेकडे नोंद असलेल्या वास्तुविशारदाकडून त्या विशिष्ट जागेबद्दल लेखी अभिप्राय घ्यावा. हा खर्च पुढील सगळ्या खर्चाच्या तुलनेत नगण्य असतो.

जागा दाखवायला आलेल्या एजंटला किंवा मालकाला चार कागद पहिल्याच भेटीत मागावेत: इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशाची प्रत, मालमत्ता कराची शेवटची पावती आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती मुंबईत कमी नाहीत आणि त्यांत लोक वर्षानुवर्षे राहतातही. परंतु मुलांचे केंद्र तिथे सुरू करणे हा निष्कारण ओढवून घेतलेला धोका आहे. मंजूर नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा. गॅलरी आत घेऊन खोली वाढवलेली असणे, मोरीच्या जागी स्वयंपाकघर आलेले असणे किंवा मागील मोकळ्या जागेवर पत्र्याचे छप्पर टाकून "खेळायची जागा" तयार केलेली असणे, असे प्रकार वारंवार आढळतात. तक्रार झाल्यास वॉर्ड ऑफिसची नोटीस मालकाच्या नावे येते, परंतु मुलांची व्यवस्था रातोरात हलवावी लागते ती चालकाला.

यानंतर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र येते. ते तोंडी कधीही स्वीकारू नये. सचिव भले माणूस असतात आणि "आमची काही हरकत नाही, तुम्ही सुरू करा" असे म्हणतात; पुढच्या निवडणुकीत समिती बदलते आणि मुलांच्या रडण्याचा, जिन्यात काढलेल्या चपलांचा, संध्याकाळी फाटकासमोर उभ्या राहणाऱ्या रिक्षांचा विषय सर्वसाधारण सभेत येतो. म्हणून समितीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नमूद असलेले, वापराचे स्वरूप, मुलांची कमाल संख्या, वेळ आणि उद्वाहन वापरण्याची मुभा स्पष्ट लिहिलेले पत्र घ्यावे. शेजाऱ्यांना आधी भेटावे, कोणत्या वेळी आवाज होईल हे प्रामाणिकपणे सांगावे आणि तक्रारीसाठी आपला क्रमांक द्यावा. वरच्या मजल्यावरील आजोबांची दुपारची झोप हा सोसायटीच्या दृष्टीने खरा प्रश्न असतो आणि त्याचा आदर केल्याने संबंध टिकतात.

जागा भाड्याची असल्यास लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते बंधनकारक आहे. करारात "निवासी वापरासाठी" असे छापील वाक्य राहून जाते, त्यामुळे "पाळणाघर चालवण्यासाठी" हे शब्द त्यात आहेत याची खात्री करावी. अकरा महिन्यांचा करार पाळणाघरासाठी सोयीचा नसतो. एका जागेत रुळलेले मूल दुसऱ्या जागेत पुन्हा पहिल्या दिवसासारखे रडते. किमान तीन वर्षांचा करार आणि मालकाने जागा परत मागितल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना, असा आग्रह धरावा. वापर बदलल्यावर मालमत्ता कर आणि विजेचा दर यांवर काय परिणाम होईल आणि तो भार कोणी सोसायचा, हेही त्याच करारात लिहावे. वीज बेस्टची असो, अदानीची, टाटाची किंवा महावितरणची, घरगुती मीटरवर व्यवसाय चालवल्याचे आढळल्यास फरकाची रक्कम वसूल होऊ शकते.

आग आणि पावसाळा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना 'ब'मधील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. आपली इमारत या तरतुदीखाली येत असेल तर सोसायटीकडून त्याची प्रत मागावी. प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर यंत्रणा बहुधा बंद आहे असे समजून दुसरी जागा पाहावी. आपल्या केंद्रासाठी स्वतंत्र ना हरकत प्रमाणपत्र लागते का, हे जागेचा आकार, मजला आणि मुलांची संख्या सांगून मुंबई अग्निशमन दलाकडे विचारावे.

कागदापलीकडे एक गोष्ट प्रत्येक जागेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, ती म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या. मुंबईत चोरीच्या आणि मूल पडण्याच्या भीतीने प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी बसवलेली असते, आणि मुलांच्या जागेत ती हवीच. परंतु मुख्य दाराशी आग लागली तर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हा प्रश्न त्यामुळेच निर्माण होतो. किमान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप असावी, तिची किल्ली मुलांचा हात पोहोचणार नाही परंतु प्रत्येक ताईला डोळे मिटूनही सापडेल अशा ठरलेल्या खिळ्यावर असावी, आणि त्या खिडकीसमोर कपाट किंवा गाद्यांची चळत नसावी. दर महिन्याला एकदा मुलांसह बाहेर पडण्याचा सराव करावा. चालता न येणाऱ्या बाळांना कोणी उचलायचे, हे नावानिशी ठरलेले असावे. एक व्यक्ती एका वेळी दोनच बाळे सुरक्षितपणे नेऊ शकते, आणि पाळण्यांची संख्या ठरवताना हा हिशेब सर्वांत आधी करावा.

मुलांचे केंद्र शक्यतो तळमजल्यावर असावे, हे तत्त्व योग्यच आहे. मुंबईत मात्र त्याला एक जोड द्यावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. आणि हिंदमाता, शीव, कुर्ला यांसारख्या सखल भागांतील रहिवाशांनी पाणी तुंबण्याचा अनुभव त्यानंतरही घेतला आहे. म्हणून जागा पाहताना शेजारच्या दुकानदाराला मागील पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले होते, हे विचारावे आणि भिंतीवरील ओलीची रेघ शोधावी. जोते उंच असलेला तळमजला किंवा रुंद जिन्याचा पहिला मजला हा सखल तळमजल्यापेक्षा बरा.

लोकल बंद पडल्यावर पालक पोहोचू शकत नाहीत, ही शक्यता प्रवेशाच्या वेळीच लेखी व्यवस्थेत आणावी लागते. पालक अडकल्यास मुलाला नेण्याचा अधिकार असलेल्या, केंद्रापासून पायी येऊ शकणाऱ्या दोन व्यक्तींची नावे, छायाचित्रे आणि क्रमांक अर्जात घ्यावेत. कोणीच येऊ न शकल्यास रात्री थांबणाऱ्या दोन कर्मचारी कोण, याची पाळी जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी आधीच लावावी. दोन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, दुधाची भुकटी, खिचडीचे सामान, लंगोट, विजेरी आणि मोबाइलसाठी चार्ज केलेली पॉवर बँक वेगळ्या डब्यात ठेवावी. महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १९१६ आणि अग्निशमन दलाचा १०१ हे क्रमांक दाराशेजारी मोठ्या अक्षरांत लिहावेत.

व्यवसायाच्या नोंदण्या

हा भाग कंटाळवाणा असला तरी सोपा आहे. मुंबईकर ज्याला "गुमास्ता" म्हणतात, ती दुकाने व आस्थापना कायद्याखालील प्रक्रिया आता ऑनलाइन होते. २०१७ च्या अधिनियमानुसार व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत लहान आस्थापनेने फक्त सूचनापत्र द्यायचे असते आणि मोठ्या आस्थापनेने नोंदणी करायची असते. ही कामगारसंख्येची सीमा पूर्वी दहा होती, ती २०२५ मध्ये वीसपर्यंत वाढवण्यात आली. बँकेचे चालू खाते उघडताना हाच कागद मागितला जातो. याच कायद्याखाली नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आवश्यक आहे आणि अन्य लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांपेक्षा मोठी असता कामा नयेत. फलक रंगवायला देतानाच हे सांगावे.

व्यवसाय करासाठी चालकाची स्वतःची नोंदणी वेगळी आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या कराची नोंदणी वेगळी असते. महिना पंचवीस हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना हा कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक पाळणाघरांत कपातीचा प्रश्न येत नाही. दहा कर्मचारी झाल्यास राज्य कामगार विमा आणि वीस झाल्यास भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. वस्तू व सेवा कराबाबत मात्र सीएचा लेखी सल्ला घ्यावा: पूर्वप्राथमिक शिक्षणाला सूट आहे, परंतु दिवसभराच्या सांभाळाचे शुल्क त्या सुटीत बसते असे गृहीत धरू नये, आणि वार्षिक उलाढाल वीस लाखांकडे जाऊ लागली की हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही.

केंद्रात अन्न शिजवून मुलांना दिले जाणार असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा उलाढालीनुसार परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो. डबा बाहेरून येत असेल, तर डबा देणाऱ्या ताईंकडे ही नोंदणी आहे का, हे पाहून तिची प्रत आपल्या फायलीत ठेवावी. घरचाच डबा मुलांनी आणायचा अशी व्यवस्था सर्वांत सुटसुटीत असते. तिथेही दुधाच्या बाटल्या उकळण्याची, डब्यांवर नावे लिहिण्याची आणि कोणत्या मुलाला शेंगदाणा, अंडे किंवा गायीचे दूध चालत नाही हे स्वयंपाकघराच्या दारावर लावण्याची शिस्त लागतेच.

माणसे: पडताळणी आणि कायद्याची जबाबदारी

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि मुंबई परिसरातील प्रत्येक नोकरदार आईबापाचा जीव हादरला. त्यानंतर पालक प्रवेशापूर्वी पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचा विचारू लागले. कॅमेरे असावेतच, पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, ते घडू नये याची व्यवस्था नेमणुकीच्या वेळी करावी लागते.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत पाळणाघरांचा थेट उल्लेख आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा नसो, प्रत्येकाची पोलिस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे. मुलांना ने-आण करणारा व्हॅनचालक, संध्याकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी आणि कधीमधी येणारा नृत्यशिक्षक हेही त्यात आले. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो. उमेदवार अलीकडेच मुंबईत आली असेल, तर मूळ गावच्या पत्त्याचीही पडताळणी व्हावी असे पाहावे. पोलिसांचा अहवाल आला म्हणजे काम संपले असे मानू नये, आधीच्या दोन मालकांशी प्रत्यक्ष फोनवर बोलावे आणि "पुन्हा ठेवाल का?" एवढाच प्रश्न विचारून उत्तर देण्यापूर्वी ते किती थबकतात, याकडे लक्ष द्यावे.

याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपराध घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी ती माहिती विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध कळवण्यात कसूर करील, तर त्याला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. "आधी आपण आपापसांत चौकशी करू, मग बघू" हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे, आणि तो बंद असणेच योग्य आहे. मुलाचे नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, सांभाळासाठी सोपवलेल्या मुलाशी संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने क्रूरतेने वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तिन्ही कलमे नेमणुकीच्या दिवशी ताईंना मराठीत किंवा त्यांना समजेल त्या भाषेत वाचून दाखवावीत आणि वाचल्याची सही घ्यावी. १०९८ हा चाइल्डलाइनचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक त्यांना पाठ असावा.

कॅमेरे खेळण्याच्या, झोपण्याच्या आणि जेवणाच्या जागेत तसेच मुख्य दाराशी असावेत. शौचालयात आणि लंगोट बदलण्याच्या जागेवर नसावेत. त्या जागेसाठी कॅमेऱ्याऐवजी अर्धे दार आणि एका वेळी दोन ताईंची हजेरी हा नियम ठेवावा. पालकांना मोबाइलवर थेट चित्रण देण्याची मागणी अलीकडे वाढली आहे. माझ्या मते ती मान्य करू नये, कारण प्रत्येक पालकाला इतरांची मुलेही दिवसभर दिसतात. त्याऐवजी, शंका आलेल्या पालकाला केंद्रात येऊन विशिष्ट वेळेचे चित्रण पाहण्याचा हक्क लेखी द्यावा. मुलांची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरायची झाल्यास पालकांची स्वतंत्र लेखी संमती घ्यावी आणि ती केव्हाही मागे घेता येईल असे त्यात लिहावे.

ताईंचा पगार हा परवान्याचा विषय वाटत नाही, तरी तो सुरक्षिततेचा विषय आहे. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर दहा तास उभी असलेली, दुपारी वीस मिनिटेही न बसलेली व्यक्ती संध्याकाळी सहा वाजता रडणाऱ्या मुलाशी शांतपणे वागेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पाळी आठ तासांची असावी आणि मुलांच्या झोपेच्या वेळी आळीपाळीने विश्रांती मिळावी.

रोजच्या नोंदी

सर्व कागद मिळाल्यावर केंद्र कसे चालले आहे याचा पुरावा रोजच्या वह्यांतून तयार होतो. येण्याजाण्याच्या नोंदवहीत मुलाचे नाव, आल्याची वेळ, आणणाऱ्याची सही, नेण्याची वेळ आणि नेणाऱ्याची सही हे रकाने असावेत. मूल आत येतानाच ताईने त्याच्या अंगावर खरचटलेले, भाजलेले किंवा डास चावलेले काही आहे का, हे पाहून नोंदवावे, संध्याकाळी "हे इथे झाले की घरी?" हा वाद त्यामुळे उद्भवत नाही. अर्जात नाव नसलेली व्यक्ती मुलाला न्यायला आली, तर ती सख्खी मावशी असली तरी पालकाशी फोनवर बोलल्याशिवाय मूल सोपवू नये. आईवडील विभक्त असतील, तर ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश आहे का, हे प्रवेशाच्या वेळी संकोच न करता विचारावे.

औषधाची वही वेगळी असावी. पालक सकाळच्या घाईत पिशवीत पॅरासिटामॉलची बाटली ठेवून "ताप आला तर द्या" असे सांगून जातात. अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मात्रा मिलिलिटरमध्ये, शेवटचा डोस कधी दिला याची वेळ आणि पालकाची सही घेतल्याशिवाय औषध देऊ नये. दिल्यावर देणाऱ्या ताईने वेळ लिहून सही करावी, म्हणजे पाळी बदलल्यावर दुसऱ्या ताईकडून तोच डोस पुन्हा दिला जाणार नाही. लसीकरणाच्या कार्डाची प्रत प्रवेशाच्या वेळी घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावी. जवळच्या बालरोगतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवावे, आणि चोवीस तास उघडे असलेले जवळचे रुग्णालय कोणते व तिथे दुपारच्या वाहतुकीत पोहोचायला किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

अपघाताची वही सर्वांत प्रामाणिकपणे लिहावी लागते. किरकोळ पडणे, चावणे, दार बोटावर येणे, सगळे त्यात यावे. काय झाले, कोण हजर होते, कोणता उपचार केला आणि पालकांना किती वाजता कळवले, हे त्याच दिवशी लिहावे. वर्षभरात एकही नोंद नसलेली वही पाहिली, तर ती लिहिलीच जात नाही असा अर्थ तपासणाऱ्याने घ्यावा.

कंपन्यांशी करार करायचा असल्यास

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय देणे २०१७ पासून बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता यावे अशीही तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्यावर ही जबाबदारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली. वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, अंधेरी पूर्व किंवा पवई येथील अनेक कंपन्या स्वतः पाळणाघर न चालवता जवळच्या केंद्राशी करार करतात. २०१८ च्या तत्त्वांत कामाच्या ठिकाणापासून पाचशे मीटरचे अंतर सुचवलेले असल्याने जागा निवडतानाच हा विचार करावा. कंपनीचा मनुष्यबळ विभाग करारापूर्वी वर सांगितलेली सर्व कागदपत्रे, विशेषतः पडताळणीचे अहवाल आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे, मागतो. करारात एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे: कंपनीने जागा राखून ठेवल्या आणि मुले कमी आली, तर शुल्क राखीव जागांवर मिळणार की प्रत्यक्ष हजेरीवर. हजेरीवर मिळणार असेल, तर ताईंचे पगार कुठून द्यायचे याचा विचार सहीपूर्वी करावा.

नूतनीकरण आणि केंद्र बंद करण्याची वेळ

प्रत्येक कागदाची मुदत वेगवेगळी असते. एका तक्त्यावर बारा महिने लिहून जानेवारी आणि जुलैत नमुना 'ब', मे महिन्यात पाण्याच्या टाकीची सफाई, कीटकनाशक फवारणी आणि जाळ्यांची डागडुजी, अन्न नोंदणी आणि अग्निशामक नळकांड्यांच्या भरणीच्या तारखा, कराराची समाप्ती आणि प्रत्येक ताईच्या पडताळणीची पुढील तारीख मांडावी. फवारणी शनिवारी संध्याकाळी करून रविवार मोकळा ठेवावा. सोमवारी सकाळी मुले येण्यापूर्वी फरशी आणि खेळणी पुसून घ्यावीत.

केंद्र बंद करण्याची किंवा दुसरीकडे हलवण्याची वेळ आल्यास पालकांना किमान दोन महिने आधी लेखी कळवावे, उरलेले शुल्क आणि अनामत रक्कम ठरलेल्या तारखेला परत करावी आणि मुलांच्या लसीकरणाच्या तसेच ओळखपत्रांच्या प्रती पालकांना सहीनिशी परत द्याव्यात. अपघाताच्या आणि औषधांच्या वह्या, हजेरीपट आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे अहवाल मात्र नष्ट करू नयेत. केंद्र बंद झाल्यानंतरही एखाद्या जुन्या घटनेबद्दल विचारणा होऊ शकते. ते किती वर्षे आणि कोणाच्या ताब्यात ठेवायचे, हे वकिलाला विचारून ठरवावे. गुमास्ता, व्यवसाय कर आणि अन्न नोंदणी रद्द करण्याचे अर्ज वेगवेगळे करावे लागतात. जागा सोडली म्हणून त्या आपोआप रद्द होत नाहीत.